बुंदीच्या दातावरची टिकली

बुंदीच्या तोंडाचा अहवाल रोज सकाळी साडेसातला यायचा. त्या वेळी ऋजुताच्या एका कडेवर मनू आणि दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं असायचं, म्हणून फोन ओट्यावर डब्याला टेकवून ती लांबूनच बघायची. हिरवं वर्तुळ दिसलं की झालं. गेली दोन वर्षं ते हिरवंच होतं.

त्या सोमवारीही हिरवंच होतं. दंतस्वच्छता शंभरात अठ्ठ्याण्णव. पण वर्तुळाखाली एक पिवळी ओळ होती, ती आजवर कधी आली नव्हती.

‘घराची नोंद: लाळेत जायफळाचा अंश. वेळ: दुपारी पावणेबारा ते साडेबारा. सलग पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार. सोबत शिशुआहाराचा अंश. संभाव्य स्रोत: घरातील बालकाचे तोंड.’

ऋजुतानं ती ओळ पुन्हा वाचली. तेवढ्यात दूध उतू गेलं.

बुंदी म्हणजे त्यांची कुत्री. बेसनाच्या रंगाची, अंगभर तपकिरी ठिपके, एक कान उभा आणि एक कायम पडलेला. सारंगनं लग्नाच्या आधी रस्त्यावरून उचलून आणलेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या तोंडाला वास मारायला लागला आणि दातांवरचं कीटण काढायला तिला भूल द्यावी लागली. टेबलावर जीभ बाहेर टाकून निपचित पडलेली बुंदी बघून सारंग दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला होता. परत हे नको, म्हणून दोघांनी तिला टिकली बसवून घेतली.

कुत्र्याच्या दातांचं दुखणं माणसाहून वेगळं. त्याची लाळ जास्त अल्कधर्मी, त्यामुळे दात सहसा किडत नाहीत. पण दातांवर जंतूंचा जो चिकट थर बसतो, तो बघता बघता दगडासारखा घट्ट होतो आणि हिरडीखाली शिरतो. रोज ब्रश करणं हा खरा उपाय. तो किती घरांत होत होता, हे ज्याचं त्याला ठाऊक. मग टिकली आली. तिळाएवढी चकती, वरच्या जबड्यातल्या सगळ्यांत मोठ्या दाढेला बाहेरून चिकटवायची. जंतू एकेकटे असतात तोवर गुमान असतात. पुरेसे जमले की रसायनांतून एकमेकांना निरोप धाडतात आणि मग सगळे मिळून थर बांधायला घेतात. टिकली त्या निरोपांतच गोंधळ घालणारं द्रव्य कणाकणानं सोडायची. हाक पोचलीच नाही, तर पंगत बसणार कशी? तिला बॅटरीही नव्हती. कुत्रं चावायचं, त्या दाबावर तिची वीज तयार व्हायची.

शिवाय ती लाळ चाखायची. सुरुवातीला फक्त जंतू मोजायला. पण कुत्रं काय एका जागी बसतं? ते फरशी चाटतं, चपला चाटतं, बाळाचे गाल, आजोबांची बोटं, पाहुण्यांचे गुडघे चाटतं. कंपनीच्या लक्षात आलं की टिकलीला नुसतं तोंड नाही, अख्खं घर कळतंय. आणि मग एका अद्ययावतीकरणात ‘घराची नोंद’ आली, सगळ्यांना फुकट.

पहिल्या महिन्यात लोकांनी हसून घेतलं. समोरच्या इमारतीतल्या पेंढारकर आजोबांना मधुमेह. ते गच्चीवर जाऊन पेढे खातात हे त्यांच्या लॅब्रॅडॉरनं सांगितलं. मग कुणाच्या मुलीच्या बोटांवर तंबाखू सापडली. कुणाच्या सुनेच्या हातावर मनाच्या आजाराच्या गोळ्या सापडल्या, ज्यांच्याबद्दल तिनं घरी सांगितलं नव्हतं. हसू हळूहळू ओसरलं. पूर्वी पाहुणा दारात उभा राहून विचारायचा, “चावतं का हो?” आता विचारायला लागला, “चाटतं का?” लिफ्टमध्ये कुत्रं शिरलं की लोक हात खिशात घालायचे. कुत्री बिचारी शेपटी हलवत खिशांकडे बघत राहायची.

ऋजुताला या सगळ्याचं काही वाटलं नव्हतं. आपल्या घरात लपवण्यासारखं आहे काय?

ओट्यावरचं दूध पुसता पुसता तिनं मागं वळून बघितलं. द्वारकाआत्या हॉलमध्ये मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर आता मनू होती आणि आत्या तिला चिऊकाऊचं काहीतरी सांगत होत्या. बुंदी त्यांच्या गुडघ्याला नाक टेकवून पडली होती.

दुपारी पावणेबारा ते साडेबारा घरात ऋजुता नसायची. सारंग नसायचा. आत्या असायच्या.

द्वारकाआत्या सारंगच्या. आई लहानपणीच गेली, तेव्हा त्यांनीच त्याला वाढवलं. ऋजुता बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर रुजू झाली तेव्हा त्या वडगावहून आल्या, एक पिशवी आणि एक सहाण घेऊन. त्यांचे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. बैल दोनदाती की चारदाती, म्हैस खरंच तिसऱ्या वेताची की मालक थापा मारतोय, हे ते जनावराचा ओठ वर करून सांगायचे, आणि आत्या सहा-सात वर्षांच्या असल्यापासून त्यांच्यासोबत बाजारात फिरायच्या. तेव्हापासून दात बघायची सवय लागली ती लागलीच. आल्या दिवशी त्यांनी बुंदीचा ओठ वर केला, “सहा वर्सांची हाय,” म्हणाल्या, आणि ते बरोबर होतं. मग हात धुऊन मनूच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. “अजून वेळ हाय.”

ते बोट ऋजुताला खटकलं होतं. हात धुतला होता, तरी खटकलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्यावरूनच थोडं झालं. आत्या बुंदीचं तोंड उघडून आत वाकून बघत होत्या.

“आत्या, प्लीज. टिकली हलेल तिची.”

“हिची उजवी दाढ मला बरी दिसंना गं. चावताना मान वाकडी करतीया.”

ऋजुतानं फोन पुढे धरला. “हे बघा. अठ्ठ्याण्णव. कंपनीचे डॉक्टरसुद्धा हेच बघतात.”

“असंल,” आत्या म्हणाल्या. “मी आपलं तोंड बघून बोलतो.” कोल्हापूरकडच्या जुन्या बायकांसारखं त्या ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायच्या. “पण तू म्हणतीस तर न्हाई घालत हात.”

विषय तिथंच संपला होता. निदान ऋजुताला तसं वाटलं होतं.

पण आता तिला एकेक आठवायला लागलं. मनू पूर्वी दुपारी अर्ध्या तासात उठायची. आत्या आल्यापासून दोन-दोन तास झोपते. “माझ्या मांडीला गुण हाय,” असं आत्या हसून म्हणायच्या. कसला गुण? जायफळ उगाळून दिलं की बाळं झोपतात, हे कोणाला माहीत नाही? गुटीत एक वळसा दिला तर दिला, पण रोज? सलग पाच दिवस? सात महिन्यांच्या मुलीला? आणि विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं, म्हणून न विचारता.

बुधवारी ती डोकं दुखतंय म्हणून बारा वाजता घरी आली. लॅचची किल्ली हळूच फिरवली.

स्वयंपाकघरात जायफळाचा वास होता. आत्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. सहाण ओली. चाहूल लागताच त्या वळल्या आणि उजवा हात पदराखाली गेला.

“आलीस? इतक्या लवकर?”

“काय उगाळत होतात?”

“कुठं काय. देवाला गंध.”

ऋजुतानं देव्हाऱ्याकडे बघितलं. देवांच्या कपाळी सकाळचंच गंध होतं, वाळून पापुद्रे सुटलेलं.

ती आत गेली. मनू पाळण्यात गाढ झोपली होती, मुठी उशाशी उघड्या पडलेल्या. ऋजुतानं तिला हलवलं, उचललं, गालावर टिचक्या मारल्या. मनूनं डोळे उघडले, आईकडे एकदा बघितलं आणि आभाळ फाटल्यासारखं भोकाड पसरलं.

“निजलेल्या लेकराला कशाला गं उठवलंस?” आत्या दारातून म्हणाल्या. हात अजून पदराखालीच होता.

बालरोगतज्ज्ञ फोनवर म्हणाले, “हसतीय, खातीय, बघतीय ना? मग घाबरू नका. जायफळ मात्र बंद करा.” म्हणजे जायफळ दिलं असंच तेही धरून चालले होते.

संध्याकाळी सारंग गॅलरीत कपडे वाळत घालत होता, तिथं तिनं त्याला गाठलं. आत ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत सगळं सांगितलं.

“आत्यानं मला वाढवलंय, ऋजू.”

“तुलाही जायफळ चाटवूनच वाढवलं असेल.”

“म्हणून तर मी असा निवांत आहे.” तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचं हसू मावळलं. “तू विचार ना त्यांना सरळ.”

“विचारलं. खोटं बोलल्या.”

सारंग हातातला लंगोट बराच वेळ झटकत राहिला. “मग ते गंधच असेल,” तो शेवटी म्हणाला. पण आवाजात खात्री नव्हती, आणि ऋजुताला नेमकी तेवढीच फट पुरली.

ती पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. गावोगावच्या विहिरींचे, टाक्यांचे नमुने यायचे. ती तपासायची आणि सही करायची. सरपंच तावातावानं म्हणायचे, “आमचं पाणी पिढ्यान् पिढ्या गोड आहे, मॅडम,” आणि ती शांतपणे कागद पुढे सरकवायची. कागदावरचा आकडा कुणाची भीड ठेवत नाही, यावर तिचा विश्वास होता. आत्यांवर विश्वास ठेवायचा तर या आकड्याला खोटं म्हणावं लागणार होतं.

शनिवारी सकाळी पिवळी ओळ नारिंगी झाली. जायफळाबरोबर आता लवंगही होती.

आत्या मनूला नाचणीची पेज भरवत होत्या. वाटीत नेहमीसारखी जास्तच पेज होती. आत्या रोज जास्त करायच्या, आणि उरलेलीचं काय होतं हे ऋजुतानं कधी विचारलं नव्हतं.

“आत्या, मनूला काय देता तुम्ही दुपारी?”

“पेज. वरणाचं पाणी. तूच लिहून दिलंयस की.”

“आणि जायफळ?”

आत्यांचा चमचा थांबला. “मनूला? न्हाई.”

“मग कुणाला?”

आत्यांची नजर एकदा बुंदीकडे गेली, परत आली. ऋजुताला ती नजर दिसली. आणि तिनं तिचा अर्थ लावला तो असा, की आपली चहाडी कुणी केली हे आत्यांना कळलंय.

“सारंग सांगत होता, तुम्ही त्याच्यासाठी किती केलंत ते. मला मान्य आहे. पण मला खात्री हवी.” बोलता बोलता तिचा आवाज चढला, तो तिलाच ओळखू येईना. “तुमचा हात धरा बुंदीपुढे. चाटू दे तिला. उद्या सकाळी कळेल काय ते.”

मनू चमच्याकडे आ करून वाट बघत होती.

“कुत्र्याफुडं हात धरून मी खरी का खोटी ते ठरणार?” आत्या सावकाश म्हणाल्या. “अगं, आमच्या बाजारात गडी रुमालाखाली बोटं धरून भाव बोलायची. कुणाला दिसायचं न्हाई, कागुद न्हाई, पर बोट फिरवलं असं कधी झालं न्हाई. माझी साठ वर्सं त्यात गेली. माझा हात मी न्हाई देणार, रुजू.”

“म्हणजे काहीतरी आहे.”

“हाय तर हाय म्हण.”

त्यांनी मनूला उरलेली पेज भरवली, तोंड पुसलं, वाटी धुतली. मग पिशवी भरली. सारंग बाजारातून आला तेव्हा त्या चपला घालत होत्या. तो काय काय बोलला; त्या फक्त मान हलवत राहिल्या. जाताना त्यांनी मनूच्या डोक्यावरून हात फिरवला, बुंदीचा जबडा दोन्ही तळव्यांत अलगद धरला आणि उंबऱ्याबाहेर पाय ठेवताना म्हणाल्या, “हिला कडक काय घालू नको.”

जाता जातासुद्धा शहाणपण शिकवायचं सोडलं नाही, असं ऋजुताच्या मनात आलं.

रविवारी ती ओळ नव्हती. सोमवारीही नव्हती. ऋजुतानं फोन सारंगपुढे धरला. तो बघून न बघितल्यासारखं करून उठून गेला. त्या घरात आता तिचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

मनूला सांभाळायला तिनं आठवडाभर रजा काढली. पहिल्या दुपारी तिनं तिला पाळण्यात ठेवलं आणि घड्याळ बघितलं. अर्ध्या तासात उठेल, मग काय करायचं याची तिनं यादीसुद्धा केली होती. मनू अर्ध्या तासानं उठली नाही. एक तासानं उठली नाही. दोन तासांनी उठली, पाय तोंडात घालून स्वतःशी बोलत पडली. दुसऱ्या दिवशीही तेच. मुलगी मोठी झाली होती, तिची झोप बदलली होती, एवढंच.

ऋजुतानं घड्याळाकडे पुन्हा बघितलं. जुन्या जायफळाचा परिणाम राहिला असेल. राहतो का असा दोन-दोन दिवस? राहत असेल.

अहवालात आता दुसरीच एक ओळ येत होती. ‘ऊर्जा कमी. दंतकाठी द्या.’ तशी ती महिन्याभरापासून अधूनमधून येत होती. दंतकाठी म्हणजे कंपनीचीच कडक काठी, शिंगासारखी. ती चघळली की टिकलीला वीज मिळायची. ऋजुतानं नवी काठी काढून बुंदीपुढे टाकली. बुंदीनं ती तोंडात धरली. लगेच खाली ठेवली. मग नुसती चाटत राहिली, आणि मधूनच मान वर करून ऋजुताकडे बघत राहिली.

बुधवारी सकाळी तिच्या उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज होती. डोळा अर्धा मिटलेला. ठिपक्यांचा तो लाडका चेहरा एका बाजूनं कुणा दुसऱ्याच कुत्रीचा वाटत होता.

ओट्यावर फोन होता. वर्तुळ हिरवं होतं. अठ्ठ्याण्णव.

डॉ. मुल्ला बुंदीच्या जुन्या डॉक्टर. बोलायला तोडून टाकणाऱ्या, पण हात लोण्याचे. सारंग मनूला घेऊन बाहेर थांबला. बाईंनी बुंदीचा ओठ वर केला, जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं आणि क्ष-किरण चित्र काढायला घेतलं.

पडद्यावर दाढ दिसली. तिच्या बाहेरच्या अंगाचा एक कपचा खालून वरपर्यंत तडकलेला. मुळाच्या टोकाशी, डोळ्याच्या जरा खाली, काळी पोकळी.

“इथं पू आहे. या दाढेची मुळं डोळ्याखालीच येतात, म्हणून सूज तिथं. दाढ काढावी लागेल, आजच. भूल द्यावी लागेल, घाबरू नका. महिना तरी झाला असेल तडकून.”

“पण रिपोर्ट रोज हिरवा होता, डॉक्टर.”

“असणारच. टिकली लाळ चाखते. दाताच्या वर थर नाही, हे ती बरोबरच सांगत होती. दाताच्या आत काय चाललंय ते लाळेत येतं कुठं? हाडात कोंडलेलं आहे सगळं.” त्यांनी वळून विचारलं, “कडक काय देता चघळायला?”

ऋजुतानं पर्समधून काठी काढली. बाईंनी अंगठ्याचं नख तिच्यावर दाबलं. ओरखडाही उठला नाही.

“नखाची खूण उमटत नाही ते कुत्र्याला द्यायचं नाही. दात तुटतात.”

“कंपनीनंच सांगितलंय. टिकलीला वीज लागते म्हणून.”

“हं. म्हणजे टिकली दात राखणार, काठी टिकलीला राखणार आणि दात तुटणार. या महिन्यातली ही चौथी.” त्या पुन्हा बुंदीच्या तोंडात वाकल्या. चिमट्यानं हिरडीच्या कडेतून काहीतरी बारीक तपकिरी उचललं, नाकाशी नेलं आणि भुवई वर केली. “लवंग. कुणीतरी उगाळून लावत होतं हिला. घरात जुनं माणूस आहे का कुणी?”

“होतं,” ऋजुता म्हणाली.

“तसं हे चांगलं नाही बरं का. लवंग, जायफळ, दोन्ही कुत्र्याला सोसत नाहीत. थोडक्यात होतं म्हणून निभावलं. त्यांना सांगा, परत करू नका. पण दाढ बरोबर ओळखली हो त्यांनी! खायला मऊ काय देत होते? कारण हिचं वजन उतरलेलं नाही. इतकं दुखत असताना उतरायला हवं होतं.”

पेज. मनूच्या वाटीतली रोज उरणारी पेज.

ऋजुताच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक पाटी होती, तिनंच लिहून लावलेली. आकडा बघण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: नमुना कुठून घेतला, कुणी घेतला, भांडं कसलं होतं. नव्या मुलींना ती हे घोकायला लावायची. आणि इथं नमुना बुंदीच्या तोंडातला होता. भांडं बुंदीचं तोंड होतं. अहवालाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘बुंदी’ लिहिलेलं होतं. ती मात्र दहा दिवस त्यात मनूचं तोंड वाचत बसली होती.

आत्यांना तिनं बुंदीच्या तोंडात हात घालायची बंदी केली होती. म्हणून त्या चोरून घालत होत्या. हात पदराखाली, आणि गंधाचं खोटं नाव.

बाहेर येऊन तिनं सारंगला सांगितलं. तो ऐकत राहिला. मग मनूला तिच्याकडे देत एवढंच म्हणाला, “त्यांनी सांगितलं का नाही गं सरळ? ‘कुत्रीला लावत होतो’ म्हणाल्या असत्या तर संपलं असतं.”

“मी ऐकलं असतं?” ऋजुता म्हणाली.

“रविवारी जाऊ आत्याकडे,” तो म्हणाला.

रविवारी ते वडगावला गेले. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून सारंग म्हणाला, “तू हो पुढं. हे माझ्यानं व्हायचं नाही.” मनू कडेवर, बुंदीचा पट्टा हातात, अशी ती निघाली. बुंदीची सूज उतरली होती. हसली की उजवीकडे तेवढी खिंड दिसत होती. काढलेली दाढ डॉक्टरांनी बाटलीत घालून दिली होती, टिकलीसकट. फोनवर अजून शेवटची नोंद झळकत होती: ‘नवीन माहिती नाही. शेवटची स्थिती: उत्तम.’

आत्या दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. बुंदीनं ऋजुताच्या हातातून पट्टा ओढून घेतला आणि जाऊन त्यांच्या अंगावर पडली. शेंगा विखुरल्या. आत्यांनी आधी बुंदीचा ओठ वर केला. खिंड बघितली.

“काढली व्हय. बरं झालं. लई सोसलं हिनं.”

“आत्या, मी...” घरून येताना तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, आता त्यातलं एकही सापडेना. “मी तुम्हाला जे बोलले ते... त्याला माफी नाही.”

“बस की. उनात उभी का?”

“तुम्ही सांगायचं होतंत मला.”

“सांगितलं हुतं गं. तू फोन दाखवलास.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच फार अवघड होतं. “आणि खोटं बी बोललो की मी. गंध म्हणालो. माझं बी चुकलं.”

“डॉक्टर म्हणाल्या, जायफळ कुत्र्याला नाही चालत.”

“असं?” आत्या खऱ्याच चपापल्या. बुंदीच्या पाठीवरचा त्यांचा हात थांबला. “आमच्यात बैलाला लावत्यात की. बाई गं. मग बरं झालं तू थांबवलंस.”

हे ऋजुताच्यानं ऐकवेना. ती पायरीवर बसली. मनू किरकिर करत होती, सकाळपासूनच करत होती. हाताला लागेल ते तोंडात कोंबत होती, आणि लाळेनं तिचं झबलं ओलं झालं होतं. ऋजुतानं सगळं बघितलं होतं: ताप मोजला, पोट चाचपलं, फोनवर लक्षणं शोधली.

आत्या उठल्या. रांजणापाशी गेल्या. साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. पदराला न पुसता तसेच ओले हात घेऊन त्या आल्या आणि ऋजुतासमोर दोन्ही तळवे उताणे धरले.

“बघ,” त्या म्हणाल्या.

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. त्या खरंच दाखवत होत्या. सुरकुतलेले, स्वच्छ, टपटप पाणी गळणारे हात. यापुढं मनूला हात लावायच्या आधी दर वेळी त्या असेच हात दाखवणार, हे ऋजुताला तिथं त्या पायरीवर कळलं. तिनं एकदा मागितलं होतं. आता ते तिला आयुष्यभर मिळत राहणार होतं.

तिनं हातांकडे बघितलं नाही. बघवलं नाही. तिनं आत्यांच्या उजव्या हाताचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि आपणच मनूच्या तोंडात नेलं.

मनूची किरकिर थांबली. आत्यांचं बोट हिरडीवरून सावकाश फिरलं, एका जागी थबकलं, परत मागं आलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. बुंदी मान वाकडी करून खालून बघत होती.

“आला की गं,” आत्या म्हणाल्या. “खालचा हाय. वरचा आधी आला की मामाला जड म्हणत्यात. तुझ्या भावाला घोर न्हाई.” मग त्यांनी बोट काढून ऋजुताचं बोट धरलं. “घाल. तूच बघ. फोन नगं काढू.”

ऋजुतानं बोट घातलं. ओल्या, गरम हिरडीत तांदळाच्या कणीएवढी धार लागली.